अनोळखी इसम

औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन घ्यायचं तर जमिनीखाली उतरावं लागतं. पायऱ्या उभ्या, अरुंद. डोकं सांभाळत, कंबरेत वाकून खाली गेलं की पिंडी. वर एवढं थोरलं हेमाडपंती देऊळ, बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगाच रांगा, आणि देव मात्र तळातल्या पोकळीत. इथेच विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजले होते आणि नामदेवांना गुरू भेटला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला नामदेवांची त्यानंतरची एक गोष्ट हवी आहे.

मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. कामावर लावलेल्या महारांत चोखोबा होते. कूस कोसळलं आणि माणसं ढिगाऱ्याखाली गेली. परंपरेनं हे साल १३३८ धरलं जातं. नामदेव पोचले तेव्हा नुसती हाडं उरली होती, तीही एकमेकांत मिसळलेली. नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाशी धरलं. ज्यातून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ते चोखोबांचं. ती हाडं पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर ठेवली. समाधी आजही तिथेच आहे. श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. ढिगाऱ्यापाशी नामदेवांचा प्रश्न होता, ‘हा कोण?’ बाई की बाप्या, हे त्यांनी विचारलं नाही.

पोलिसांना मात्र आधी तेच विचारावं लागतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते: विहिरीत, रुळांलगत किंवा धरणाच्या काठाला ‘अनोळखी इसमाचा मृतदेह’ आढळला. हा ‘इसम’ अरबी ‘इस्म’वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘नाव’. फारसी कारभारातून तो मराठीत उतरला आणि नावाचा माणूस झाला. म्हणजे ज्याचं नाव हरवलं त्यालाच आपण ‘नाव’ म्हणतो! शिवाय इसम असतो तो पुरुषच. बाई असली की ‘अनोळखी महिला’. तेव्हा पंचनाम्याची पहिली ओळ लिहायच्या आधीच ते ठरलेलं असावं लागतं. देह ताजा असेल तर प्रश्न नाही. हाती नुसती कवटी आली तर?

कवटीचं लिंग ओळखायच्या खुणा जुन्या आहेत. भुवयांवरचा उंचवटा, कानामागच्या हाडाचा आकार, कपाळाचा उतार, डोळ्याच्या खोबणीची कड. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ क्रॉगमन यांनी १९६२ च्या ग्रंथात सांगितलेलं प्रमाण पुढे पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिलं: कटिबंधाच्या हाडावरून शंभरात पंच्याण्णव वेळा उत्तर बरोबर, एकट्या कवटीवरून नव्वदीच्या आसपास. (शंकराच्या रुंडमाळेचं सोपं आहे. नारदानं पार्वतीला सांगितलं की ती मुंडकी तुझ्याच मागच्या जन्मांची. म्हणजे सगळीच बाईची.) पण कवटी फुटलेली असेल, जळालेली असेल, भुवईचा उंचवटाच झिजला असेल, तेव्हा बाहेरचं हाड सोडून आतल्या पोकळ्यांकडे, म्हणजे सायनसकडे वळतात. या पद्धतीचं कूळ शोधायला गेलं की दोन घरं सापडतात. एक आजोळ, नाक-कानाच्या डॉक्टरांचं. दुसरं घराणं, कवट्या मोजणाऱ्यांचं.

आजोळापासून सुरू करू. गालातली पोकळी लिओनार्दोनं १४८९ मध्ये चितारली होती, पण तिला नाव मिळालं नथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याचं. त्याच्या १६५१ च्या ग्रंथात एका बाईची हकीकत आहे. तिचा दात काढला आणि त्या जागेतून पू वाहायचा थांबेना. तिनं भोकात पीस घालून पाहिलं, तर ते आत आत जातच राहिलं. आता मेंदूला लागतंय की काय म्हणून ती घाबरून हायमोरकडे आली. त्यानं तिची समजूत घातली: बाई, गालात प्रत्येकाच्याच अशी खोली असते. खोली खरी, पण बांधणाऱ्यानं मोरीचं भोक तळाला न ठेवता छतालगत ठेवलंय. सर्दी झाली की ती तुंबते ती म्हणूनच.

कपाळातल्या पोकळ्या आणखी चमत्कारिक. तान्ह्या मुलाच्या फिल्मवर त्या दिसतच नाहीत. सात-आठ वर्षांच्या सुमारास दिसू लागतात आणि विशीपर्यंत वाढतात. वाढताना दोन्ही बाजू सारख्या वाढत नाहीत; मधला पडदा तिरका, वरची कड फुलकोबीच्या गड्ड्यासारखी. जुळ्या भावांच्याही जुळत नाहीत. आमच्या घरी लोखंडी पेटीत अशी एक एक्स-रे फिल्म आहे. १९९५ च्या दिवाळीतल्या सूर्यग्रहणाला आळीतल्या पोरांनी ती आळीपाळीनं डोळ्यांपुढे धरली होती. (तसं करू नये, डोळे जातात. आम्हाला तेव्हा कोण सांगणार?) सूर्याची कोर मला काही नीट आठवत नाही. कपाळावरचा तो काळा ढग मात्र आठवतो.

या ढगावरून माणूस ओळखता येईल, हे १९२१ मध्ये व्हिएन्नाच्या आर्टुर शुलर यांनी सुचवलं. पहिला प्रत्यक्ष दाखला आपल्याकडच्या नदीतून आला. एक अमेरिकन हिंदुस्थानात बेपत्ता झाला. सिंधू नदीत एक देह सापडला, पण चेहऱ्यावरून ओळखण्यासारखा राहिला नव्हता. त्या माणसाच्या नाकाकानांचे आधी काढलेले एक्स-रे अमेरिकेत होते. कल्बर्ट आणि लॉ या डॉक्टरांनी ते मृत कवटीच्या एक्स-रेशी ताडून पाहिले आणि ओळख पटली. १९२७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ते छापून आलं. शुलर ज्यू होते. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून ते मेलबर्नला गेले आणि १९४३ मध्ये तिथून कपाळाच्या सायनसवरून कवटी ओळखण्यावर त्यांनी पुन्हा लिहिलं.

थोडक्यात, सायनसला पहिल्यांदा साक्षीला बोलावलं ते नामदेवांच्याच प्रश्नासाठी: हा कोण?

दुसरं घराणं इतकं निर्मळ नाही. कवट्या मोजण्यामागे कोण वरचा आणि कोण खालचा हे ठरवायची हौस होती. बर्लिनच्या डाहलेम भागात मानवशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती, प्रमुख ऑयगेन फिशर. १९२८ च्या सुमारास तिथे पुण्याहून एक तरुणी पीएचडीला आली: इरावती कर्वे. ‘युगान्त’वाल्या इरावतीबाई आपल्याला ठाऊक असतात; पण डाहलेममध्ये हातात कॅलिपर धरून परक्यांच्या कवट्या फिरवणाऱ्या बाई फारशा कुणाला ठाऊक नसतात. फिशर यांची अटकळ अशी की युरोपीय माणसाचा मेंदू पुढारलेला, म्हणून त्याच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असणार. विषय त्यांनीच दिला. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत जर्मनांच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्याही होत्या; त्या तिथपर्यंत कशा पोचल्या असतील त्याचा विचार केला की पोटात कालवतं. निष्कर्ष निघाला: असमानता सगळ्यांत आहे, वंशाशी तिचा संबंध नाही. गुरूच्या दारात बसून गुरूची अटकळ आकड्यांनी खोटी ठरवणं, तेही १९३० च्या बर्लिनमध्ये! पुढे याच संस्थेकडे आउश्वित्झहून नाझी डॉक्टर योसेफ मेंगेले नमुने पाठवत असे. तो ब्राझीलमध्ये खोट्या नावानं पुरला गेला आणि १९८५ मध्ये उकरून काढलेल्या त्याच्या कवटीवर त्याचे जुने फोटो बसवून पाहावे लागले. काही हिशेब असेही जुळतात.

नुसत्या मापांनी भागत नाही. मापं एकत्र करून निर्णय द्यायला गणित लागतं, आणि ते गणितही कवट्या-डोक्यांच्याच मापांतून आलं. १९२० मध्ये नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या तरुण महालनोबिस यांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियनांची शरीरमापं तपासायला सुचवलं. त्या धाग्यातून दोन गट एकमेकांपासून किती लांब हे मोजणारं १९३६ मधलं ‘महालनोबिस अंतर’ आलं. १९३५ मध्ये मिल्ड्रेड बर्नार्ड यांनी इजिप्तमधल्या कवट्यांवर काम केलं, आणि पुढच्याच वर्षी फिशर यांनी (हे इंग्लंडचे रोनाल्ड, बर्लिनवाले नव्हेत) अनेक मापं मिळून दोन गट वेगळे करायचं सूत्र मांडलं.

ही दोन घरं जवळ आली ती सीटी स्कॅनमुळे. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला आणि कवटी न फोडता आतली पोकळी चकत्या-चकत्यांनी मोजता येऊ लागली. आता गालातल्या सायनसची रुंदी, उंची, खोली, दोन्ही बाजूंची, पडद्यावर मोजतात. मापं सूत्रात घालतात. बेरीज ठरल्या आकड्याच्या वर गेली की पुरुष, खाली राहिली की स्त्री.

पण दोघांच्या सरासरीत फरक काही मिलिमीटरचाच, आणि मधली गर्दी मोठी. औंढ्याजवळ दुधाळ्याला चार-चार किलोमीटर लांब भुजांचं गुरुत्वलहरींचं केंद्र व्हायचंय. तिथे प्रोटॉनहून बारीक हालचाल टिपायची भाषा आहे. सायनसच्या बाबतीत अडचण मापाच्या बारकाईची नाहीच. ठेंगणा पुरुष आणि थोराड बाई यांची पोकळी एकाच आकड्यावर येऊन बसते. एका देशातल्या लोकांवरून बसवलेलं सूत्र दुसऱ्या देशात चुकतं. वरच्या दाढा पडल्या की गालातल्या सायनसचा तळ खाली उतरतो, आणि मिश्री लावून दात गमावलेल्या म्हातारीचं माप पुरुषाकडे झुकू शकतं. दहात सात-आठ वेळा उत्तर बरोबर येतं असं धरा. कटिबंधाचं हाड शाबूत असेल तर शहाण्यानं सायनसच्या वाटेला जाऊ नये.

तरी ही पद्धत लागते, आणि ती लागण्याचं कारण माझ्या मते विज्ञानापेक्षा गरिबीत जास्त आहे. कपाळाच्या ढगावरून नाव सांगायला जिवंतपणी काढलेली फिल्म लागते. ती असेल तर ‘कोण’ विचारता येतं. ती नसेल तर बाई की बाप्या, वय काय, उंची किती, एवढंच विचारणं हाती राहतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगडमातीच्या भिंती कोसळल्या, मंगळवेढ्यासारख्याच. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. पावसात सामुदायिक चिता पेटल्या, आणि कानाशी हाड धरायला कुणाला सवड नव्हती.

पेटीतली आमची ती फिल्म परवा पुन्हा काढली. पिवळं पाकीट केव्हाच हरवलंय, म्हणून तिच्यावर नाव नाही. कोपऱ्यात शिशाच्या अक्षराचा ‘आर’ उमटलाय, म्हणजे ही उजवी बाजू. आई म्हणते काकांची. आत्या म्हणते, छे, आजोबांची, मीच त्यांना घेऊन परभणीला गेले होते. दोघीही हटायला तयार नाहीत. बाप्याची आहे, एवढ्यावर मात्र एकमत आहे.