क्षेत्रघनी नकाशा

क्षेत्रघनी नकाशा हा वितरणदर्शक नकाशांचा एक प्रकार आहे. यात देश, राज्य, जिल्हा, तालुका अशा निश्चित सीमा असलेल्या क्षेत्रांना एखाद्या घटकाच्या मूल्यानुसार फिकट ते गडद अशा छटा दिलेल्या असतात. साक्षरतेचे प्रमाण, लोकसंख्येची घनता, दरडोई उत्पन्न, बालमृत्युदर, पिकाखालील क्षेत्राची टक्केवारी, मतदानाचे प्रमाण इत्यादी सामाजिक व आर्थिक माहिती दाखवण्यासाठी ही पद्धत सर्वाधिक वापरली जाते. महाराष्ट्रातील शालेय भूगोलात टिंब पद्धत व समघनी पद्धत यांच्याबरोबर तिची ओळख करून दिली जाते.

संज्ञा

अमेरिकी भूगोलज्ञ जॉन किर्टलंड राइट यांनी १९३८ मध्ये या प्रकारासाठी 'कोरोप्लेथ' ही संज्ञा रूढ केली. 'प्रदेश' आणि 'समुदाय, विपुलता' अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ती बनली आहे. मराठी संज्ञेतील 'घनी' हे पद घनतेकडे निर्देश करते. प्रत्यक्षात घनतेखेरीज इतर कोणतेही प्रमाण या पद्धतीने दाखवता येते.

इतिहास

या प्रकारचा पहिला ज्ञात नकाशा फ्रेंच गणितज्ञ व अभियंता शार्ल द्युपँ यांनी १८२६ मध्ये तयार केला. शाळेत जाणाऱ्या एका मुलामागे किती रहिवासी आहेत, हे त्यांनी फ्रान्सच्या प्रत्येक प्रशासकीय विभागासाठी काढले आणि शिक्षण जितके कमी तितकी छटा गडद ठेवली. पश्चिमेकडील सँ-मालोपासून जिनिव्हापर्यंत एक रेषा कल्पिली, तर तिच्या ईशान्येचा भाग उजळ आणि नैर्ऋत्येचा काळवंडलेला दिसे. आकड्यांच्या कोष्टकात जे सहज नजरेत भरले नसते, ते या नकाशाने एका दृष्टिक्षेपात मांडले. 'उजळ फ्रान्स' व 'अंधारा फ्रान्स' या विभागणीवर पुढे दीर्घकाळ वाद होत राहिला.

१८२९ मध्ये आंद्रे-मिशेल गेरी व आद्रियानो बाल्बी यांनी मालमत्तेविरुद्धचे गुन्हे, व्यक्तींविरुद्धचे गुन्हे आणि शिक्षण असे तीन नकाशे एकत्र प्रसिद्ध केले. शिक्षण वाढले की गुन्हे घटतात, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. परंतु या नकाशांत शिक्षणात पुढारलेल्या उत्तरेकडील भागातच मालमत्तेविरुद्धचे गुन्हे अधिक दिसले. सामाजिक प्रश्नाचे उत्तर नकाशे शेजारी ठेवून शोधण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय.

रचना

क्षेत्रघनी नकाशात एकूण संख्या न दाखवता प्रमाण, दर, टक्केवारी किंवा घनता दाखवावी, हा मूलभूत नियम आहे. जिल्हावार शाळांची एकूण संख्या छटांनी दाखवली, तर नकाशा बहुधा फक्त लोकसंख्येचेच चित्र पुन्हा काढतो. हा नियम जितका साधा, तितकाच तो वृत्तपत्रांत मोडला जातो.

दुसरा निर्णय वर्गांतराचा. मूल्यांचे सहसा चार ते सात वर्ग पाडतात. वर्गांतर समान ठेवता येते, प्रत्येक वर्गात सारख्याच संख्येने जिल्हे येतील असे करता येते, किंवा मूल्यांमध्ये जेथे नैसर्गिक खंड पडतो तेथे सीमा घेता येते. या शेवटच्या पद्धतीशी जॉर्ज जेंक्स यांचे नाव निगडित आहे. निवड बदलली की त्याच आकड्यांतून निराळे चित्र उभे राहते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, तर बीड जिल्ह्यात केवळ ८०७. वर्ग ८०० ते ९०० असा धरल्यास बीड आणि राज्याची सरासरी एकाच छटेत जातात व त्या जिल्ह्यातील मुलींची तूट नकाशातून नाहीशी होते. ८५० वर सीमा घेतली, की ती लगेच दिसते. यासाठी सूचीत वर्गांच्या सीमा स्पष्ट लिहिणे आवश्यक असते.

छटा एकाच रंगाच्या, क्रमाने गडद होत जाणाऱ्या असाव्यात. इंद्रधनुष्याचे रंग वापरल्यास कमी कोणते व अधिक कोणते, हे सूची पाहिल्यावाचून कळत नाही. अमेरिकी नकाशातज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांनी रंगांधांनाही ओळखता येतील अशा छटांचे संच तयार केले असून ते आज अनेक संगणकप्रणालींत उपलब्ध आहेत.

मर्यादा

डोळा क्षेत्रफळ पाहतो, माणसे मोजत नाही. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी, म्हणजे राज्याच्या सुमारे ४.७ टक्के आहे. २०११ मध्ये तेथे राज्याच्या जेमतेम १ टक्का लोक राहत होते. मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत मिळून राज्यातील सुमारे ११ टक्के लोक होते, पण राज्याच्या नकाशावर हे जिल्हे ठिपक्याएवढेच दिसतात. त्यामुळे मुंबईची छटा कोणतीही असली तरी नकाशाच्या एकंदर रंगावर तिचा प्रभाव जवळजवळ पडत नाही.

छटा संपूर्ण क्षेत्रभर एकसारखी पसरते आणि क्षेत्रातील विषमता झाकते, हा याहून गंभीर दोष आहे. १ ऑगस्ट २०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, नवी मुंबई यांसारखी शहरे आणि कुपोषणासाठी वारंवार चर्चेत आलेले जव्हार, मोखाडा हे आदिवासी तालुके एकत्र होते. जिल्ह्याची सरासरी शहरांच्या लोकसंख्येने ठरत असे. मोखाड्यातील बालकाची स्थिती त्या छटेत उमटणे शक्य नव्हते. पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर हे तालुके मोठ्या शहरांपासून सुटले खरे, परंतु वसई-विरारची मोठी लोकसंख्या नव्या जिल्ह्यातही आहेच. तालुकावार नकाशा काढला तरच फरक उघड होतो. सीमा बदलल्या की निष्कर्ष बदलतो, या प्रश्नाचा भूगोलात स्वतंत्र अभ्यास केला जातो.

क्षेत्राच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी अनुमान काढणे हीदेखील एक प्रचलित चूक आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवून दिले. परदेशात जन्मलेल्या लोकांचे प्रमाण ज्या राज्यांत अधिक, तेथे निरक्षरता कमी होती; परंतु व्यक्तिशः पाहता परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षरता किंचित अधिक होती. कारण असे, की हे लोक मुळात साक्षरता अधिक असलेल्या राज्यांत स्थायिक झाले होते.

छटेचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. कोविड-१९ च्या साथीत ३० एप्रिल २०२० च्या केंद्रीय यादीत देशातील ७३३ जिल्ह्यांची १३० लाल, २८४ नारिंगी व ३१९ हिरव्या अशी विभागणी झाली. ही प्रतवारी होती, काटेकोर अर्थाने क्षेत्रघनी नकाशा नव्हे. मात्र एका क्षेत्राला एकच रंग हे तत्त्व तेच. दुकाने, वाहतूक व कामधंदा यांवरील निर्बंध त्या रंगावर अवलंबून होते, आणि रुग्ण एका शहरात असले तरी दूरच्या खेड्यालाही जिल्ह्याचाच रंग लागू शकत होता.

पर्यायी पद्धती

एकूण संख्या दाखवायची असल्यास टिंब पद्धत किंवा प्रमाणबद्ध वर्तुळे अधिक योग्य ठरतात. जंगल, जलाशय असे निर्मनुष्य भाग वगळून उरलेल्या भागालाच छटा देण्याची पद्धतही आहे. गडचिरोलीसारख्या वनाच्छादित जिल्ह्यासाठी ती विशेष उपयुक्त आहे. काही नकाशांत क्षेत्राचा आकार लोकसंख्येच्या प्रमाणात फुगवला किंवा आकसला जातो. यासाठी मायकेल गॅस्टनर व मार्क न्यूमन यांनी २००४ मध्ये मांडलेली गणिती रीत बरीच वापरली जाते. अशा नकाशात मुंबई तिच्या लोकसंख्येएवढी मोठी दिसते, पण ओळखीच्या सीमा इतक्या वेड्यावाकड्या होतात, की वाचकाला आपला जिल्हा शोधावा लागतो.