नोंदवही आणि नस्तर

त्र्यंबकेश्वरी गेले म्हणजे तीर्थोपाध्याय चोपडी उघडतात आणि आपल्या पणजोबांचे नाव वाचून दाखवतात. आम्ही कौतुकाने ऐकतो, दक्षिणा देतो आणि विसरतो. लंडनच्या एका रुग्णालयात अशीच वंशावळींची वही कित्येक दशके लिहिली गेली. तिच्यावर मात्र माणसांचे प्राण अवलंबून होते.

हे रुग्णालय म्हणजे सेंट मार्क्स. गुदविकारांनी पिडलेल्या गरिबांसाठी फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ साली सात खाटांवर ते काढले. विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण रोग काही आपली भीड धरत नाही. तेथील शल्यवैद्य लॉकहार्ट-ममरी यांनी १९२५ साली तीन कुटुंबांची हकीकत छापली. या घराण्यांतल्या माणसांच्या मोठ्या आतड्यात तरुणपणीच शेकडो गाठी उगवत, आणि उपचार न झाल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग गाठी. आईला किंवा बापाला हा दोष असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याचा संभव निम्मा.

विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांच्या हाताखाली डिक बसी नावाचा एक पोरगेला सहाय्यक होता. तो डॉक्टर नव्हता. रोग्याच्या भावंडांची, मुलाबाळांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला बोलवायचे, हे काम त्याने जन्मभर केले. अशा कामाला टाळ्या पडत नाहीत.

खरा पेच शस्त्रक्रियेचा होता. मोठे आतडे गुदाशयासकट काढले, तर कर्करोगाचे भय बहुतांशी टळे. पण अठरा वर्षांच्या मुलाला जन्मभर पोटावरच्या छिद्रातून मलविसर्जन करावे लागे. १९४८ पासून सेंट मार्क्समध्ये दुसरी वाट धरली गेली: गुदाशय ठेवायचा आणि लहान आतडे त्याला जोडायचे. मुलगा चारचौघांसारखा हिंडूफिरू लागे, लग्न करी. पण राखलेल्या गुदाशयातही गाठी उगवतच. मग हे वरदान म्हणायचे, की मरणाची तारीख नुसती पुढे ढकलली म्हणायचे? त्याचे उत्तर वर्षा-दोन वर्षांत मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी तो मुलगा पन्नाशीचा व्हावा लागतो, आणि तोवर त्याच्या नावापुढची नोंद कोणीतरी चालू ठेवावी लागते.

वहीने उत्तर दिले, आणि ते काही गोड नव्हते. वय वाढते तसा गुदाशयातील कर्करोगाचा धोकाही वाढत जातो. शिवाय जे वाचले त्यांच्यातल्या काहींना पुढे जठरालगतच्या आतड्याच्या कर्करोगाने किंवा पोटातल्या तंतुमय गाठींनी गाठले. पूर्वी माणसे तितकी जगतच नसत, मग हे कळणार कसे? १९७८ साली पार्क्स आणि निकोल्स यांनी लहान आतड्याचीच पिशवी करून गुदाशयाच्या जागी बसवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि शल्यवैद्याच्या हाती आणखी एक पर्याय आला.

१९८७ साली बॉडमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. त्या निबंधाच्या लेखकांत ऐंशीच्या घरातल्या बसींचे नाव आहे. आम्हाला त्यात मोठा न्याय वाटतो. १९९१ साली ते जनुकही हाती लागले. घराण्यातला नेमका दोष ठाऊक असेल, तर आता रक्ताच्या तपासणीवरून मुलाचा निवाडा होतो. ज्याच्यात तो नाही, त्याला पुन्हापुन्हा आतडी तपासून घ्यायला यावे लागत नाही.