नाणेघाटातले आकडे

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांचा सुमारे २००० वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांत कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींनी हे आकडे अभ्यासले. मला त्यांची घडण विचार करायला लावते. तिथे १७ म्हणजे दहाची खूण आणि पुढे साताची. ४००० म्हणजे हजाराच्या खुणेला जोडलेला चार. शून्य नाही, स्थानावरून किंमत नाही. एकक-दशकाची आपली रीत रुळायला पुढे कित्येक शतके लागली. मग दुसरीतले मूल हातच्यापाशी अडखळले, तर त्याला लगेच ‘ढ’ का म्हणावे? मोठ्या माणसांनाही ही युक्ती सुचायला वेळच लागला होता.