स्वतंत्र जीवन व सुगम्यता : सिंधुदुर्ग जिल्हा

दिव्यांग व्यक्तीने कुठे राहायचे, कोणासोबत राहायचे, कोणते काम करायचे आणि घराबाहेर केव्हा पडायचे हे तिचे तिने ठरवणे, याला स्वतंत्र जीवन म्हणतात. सगळी कामे एकट्याने उरकणे असा त्याचा अर्थ नाही. मदत कोणाची आणि कशी घ्यायची हे मदत घेणाऱ्याने ठरवावे, हा त्याचा गाभा आहे. रस्ता, घर, गाडी, कचेरी, दवाखाना आणि माहिती दिव्यांगांना वापरता येण्याजोगी असणे ही सुगम्यता. ती नसेल तर स्वतंत्र जीवन कागदावरच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात सुगम्यतेसाठी नववे आणि स्वतंत्र जीवनासाठी एकोणिसावे कलम आहे. भारताने हा करार 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्य केला. सिंधुदुर्गात या दोन्ही गोष्टींचा विचार जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा लहान जिल्हा उपचार, शिक्षण आणि बाजार यांसाठी कायम दोन शेजाऱ्यांकडे पाहत आला आहे : घाटमाथ्यावरचे कोल्हापूर आणि तेरेखोलपलीकडचा गोवा.

भूगोल. सुमारे 121 किमी. किनारा, त्याला लागून माडाबागा, मागे जांभ्याचे सडे आणि पूर्वेला सह्याद्री अशी जिल्ह्याची ठेवण आहे. वाड्या विखुरलेल्या आहेत. मुख्य रस्त्यावरून घरापर्यंत जाणारी वाट पुष्कळदा पाखाडीची, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची असते, नाही तर दोन गडग्यांमधून जाणारी अरुंद पाणंद असते. मध्ये व्हाळ असला तर त्यावर साकव. घरही उंच जोत्यावर बांधलेले; खळ्यातून पडवीत, पडवीतून ओटीवर आणि ओटीवरून माजघरात जाताना प्रत्येक ठिकाणी पायरी किंवा उंबरठा लागतो. न्हाणी आणि संडास बहुधा मागच्या अंगाला. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते आणि कुबडीचे टोक त्यावर ठरत नाही. जोते उंच ठेवण्यामागे पावसाचे व्यवहारी कारण आहे, म्हणून ते पाडणे हा उपाय नव्हे. उतार बांधावा लागतो. प्रमाणित उतार 1:12 असावा लागतो. जोते 45 सेंमी. उंच असेल तर उताराची लांबी 5.4 मीटर होते. बहुतेक खळ्यांत एवढी जागा निघते. चार-पाच पायऱ्यांवर सिमेंट ओतून केलेली खडी घसरगुंडी मात्र अनेक शाळा आणि ग्रामपंचायतींत उतार म्हणून नोंदली जाते. तिच्यावरून चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवता येत नाही आणि उतरताना आवरत नाही. अशा बांधकामाला सुगम्य म्हणणे चुकीचे आहे.

उपचार व पुनर्वसन. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ होऊन गेलेली पिढी आज मध्यमवयीन आणि वृद्ध आहे. दुसरीकडे माड, पोफळी आणि हापूसच्या झाडांवरून पडून मणक्याला इजा होणे हा बागायती कोकणातला जुना धोका कायम आहे, त्यात रस्त्यावरच्या अपघातांची भर पडली. अशा जखमीला जिल्ह्याच्या दक्षिण भागातून परंपरेने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेतात, उत्तर आणि पूर्व भागातून कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात. गोवा सरकारने जानेवारी 2018 पासून परराज्यातील रुग्णांना बांबोळीत शुल्क लावले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे मोठा रोष उसळला. राज्याची रेषा आपल्या आयुष्यातून कशी जाते हे लोकांना त्या वेळी ठळकपणे कळले. 2021 मध्ये सिंधुदुर्गनगरी-ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण मणक्याच्या रुग्णाची खरी गरज शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. पाठीवर जखमा होऊ न देणे, लघवीची नळी सांभाळणे, खाटेवरून खुर्चीत सरकणे हे शिकवणारा माणूस लागतो, आणि ज्याने हे स्वतः भोगले आहे तो ते सगळ्यांत चांगले शिकवतो.

स्वप्ननगरी. या शिकवण्याची कोकणाशी जोडलेली सर्वांत महत्त्वाची साखळी कोल्हापुरातून आली. नसीमा हुरझूक (जन्म 1950) यांचे कमरेखालचे शरीर वयाच्या 16 व्या वर्षी लुळे पडले. निराशेच्या त्या काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीतले, आणि स्वतःची मोटार चालवणारे, उद्योग सांभाळणारे गृहस्थ. या भेटीने नसीमादीदींच्या आयुष्याला दिशा मिळाली. त्यांनी शिक्षण पुरे केले, केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि गायिका रजनी करकरे-देशपांडे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर कोल्हापुरात दिव्यांगांचे काम उभारले. 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था स्थापन झाली. उचगाव येथील घरौंदा वसतिगृह, समर्थ विद्यामंदिर ही शाळा आणि साधने बनवणारी कार्यशाळा ही तिची पुढची पावले. दिव्यांग व धडधाकट मुले एकाच वर्गात बसतील अशी ही शाळा त्यांनी काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे.

घाटमाथ्यावरच्या या कामाने सह्याद्री उतरून कुडाळ तालुक्यातील मोरे या गावी स्वप्ननगरी वसवली. निवास आणि काजूप्रक्रिया यांची तेथे सांगड घातलेली आहे. काजूची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. बी उकडणे, फोडणे, गर वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी या कामांपैकी बरीचशी बसून, हातांच्या कौशल्यावर होतात. ज्याचे पाय चालत नाहीत पण हात पक्के आहेत, ज्याला ऐकू येत नाही पण नजर तीक्ष्ण आहे, अशांना एकाच कामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर जागा मिळते. कच्चा माल जिल्ह्यातला, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने विकसित केलेल्या जातींमुळे भरवशाचा. मालाला मागणी घाटावर आणि शहरांत. शिबिर भरवून खुर्ची किंवा तीनचाकी सायकल वाटणे आणि नंतर त्या माणसाकडे वळून न पाहणे, या प्रघाताहून हा मार्ग अगदी वेगळा आहे. महिन्याला हाती येणारी मजुरी आणि दार उघडून आपल्या आपण बाहेर जाता येईल अशी खोली, या दोन गोष्टी एकत्र मिळाल्याशिवाय स्वातंत्र्याला अर्थ येत नाही, हे स्वप्ननगरीने कोकणाला दाखवले. साहस डिसेबिलिटी रिसर्च अँड केअर फाउंडेशन ही नसीमादीदींची पुढची संस्था. अशी ठिकाणे गावापासून तुटलेल्या वसाहती होऊ नयेत हा प्रश्न मात्र जगभर विचारला जातो, आणि तो येथेही लागू आहे. काम शिकलेला तरुण आपल्या वाडीत परतून राहू शकेल का, हे पुन्हा त्या पाखाडीवरच येऊन ठेपते.

आशियाई संदर्भ. स्वतंत्र जीवनाची चळवळ अमेरिकेत बर्कली येथे 1972 मध्ये पहिल्या केंद्राने आकाराला आली. तिचा अग्रणी एड रॉबर्ट्स हा पोलिओग्रस्त होता. आशियात दिव्यांगांच्या हक्कांना सरकारांच्या संयुक्त घोषणांचे रूप मिळाले. 1993 ते 2002 हे आशिया-पॅसिफिक दिव्यांग दशक ठरले. त्याच्या बीजिंग घोषणेला भारतात अंमल मिळावा यासाठी संसदेने 1995 चा अपंग व्यक्ती कायदा केला, हे त्या कायद्याच्या उद्देशातच नमूद आहे. पुढे बिवाको आराखडा, इंचॉन धोरण आणि 2022 ची जकार्ता घोषणा अशी ती परंपरा चालू राहिली. भारतात 1995 च्या कायद्याची जागा 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली आणि दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले. देशांनी एकमेकांच्या अनुभवातून कायदे केले. शेजारच्या दोन जिल्ह्यांनी किंवा राज्यांनी एकमेकांपासून उतार, बस आणि होडी शिकणे त्याहून सोपे असायला हवे.

गोवा व किनारा. शिकण्याजोगे गोव्यात बरेच आहे. तेथील दिव्यांग आयुक्तालयाच्या पुढाकाराने 6 ते 8 जानेवारी 2023 रोजी पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला, 2024 पासून तो आंतरराष्ट्रीय झाला. त्यामागे गोव्यातील दिव्यांगांच्या स्वतःच्या संघटनेचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. किनाऱ्यावर वाळूत चालणाऱ्या रुंद चाकांच्या खुर्च्या आणण्याचे प्रयोगही तेथे झाले. मालवणात पर्यटन हाच आता मोठा व्यवसाय आहे, तरी या दिशेने विचार थोडा झाला. सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधला. तेथे होडीनेच जावे लागते, आणि धक्क्यावरून हलत्या होडीत पाऊल टाकणे ही खुर्चीतल्या माणसासाठी संपूर्ण सहलीतली सर्वांत अवघड जागा असते. किल्ल्याच्या चिऱ्याला हात न लावता धक्का आणि होडी यांमधला हा टप्पा सुधारता येतो. तारकर्लीला स्कुबा शिकवणारी शासकीय संस्था आहे. पाण्यात शरीराचे ओझे उरत नाही, त्यामुळे पाय लुळे असलेल्यांनाही प्रशिक्षकाच्या साथीने डुबकी घेता येते. अडचण समुद्रात नाही, रस्ता आणि होडी यांमधल्या वाळूत आहे. चाके रुतू नयेत म्हणून वाळूवर अंथरायच्या चटईला लागणारा काथ्या तर याच किनाऱ्यावर वळला जातो.

हद्दीचे प्रश्न. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र देशभर चालते, निवृत्तिवेतन चालत नाही. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार योजना आणि गोव्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना या दोन्हींत राज्यातील दीर्घ वास्तव्याची अट आहे. पेडण्याची दिव्यांग मुलगी लग्न होऊन बांद्याला आली तर तिचे गोव्यातले हक्क संपतात आणि इथले लगेच सुरू होत नाहीत. दोन्ही बाजूंची सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची असताना हा अन्याय दोन सरकारांच्या एका करारानेही दूर होऊ शकतो. महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. असा करार करण्याचे स्वाभाविक ठिकाण आता तेच.

गावपातळीवर पैशाची वाट आधीच उघडी आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लहान पंचायतीत ही रक्कम तुटपुंजी ठरते आणि थोडीथोडी वाटली जाते. तीन-चार शेजारच्या पंचायतींनी ती एकत्र केली तर एका पाखाडीला कठडा, शाळेला नीट उतार किंवा बाजाराच्या दिवशी खुर्ची चढेल अशी गाडी होऊ शकते. सुगम्यतेचे नियम शिफारशीपुरते न राहता सक्तीचे असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. त्या दृष्टीने एसटी स्थानके, तहसील कचेऱ्या, कोकण रेल्वेची स्थानके आणि मालवणचा धक्का ही जिल्ह्यातली पहिल्या तपासणीची ठिकाणे आहेत, आणि तपासणी खुर्चीतून, कुबडीवरून व पांढऱ्या काठीने येणाऱ्यांनीच करायला हवी.