वॉकी-टॉकी दुरुस्ती

वॉकी-टॉकी दुरुस्ती म्हणजे हातात धरून वापरायचा द्विमार्गी रेडिओ संच उघडून त्यातील दोष शोधणे, बिघडलेला भाग स्वच्छ करणे किंवा बदलणे आणि संच पूर्ववत बंद करणे. या संचात प्रेषक व ग्राहक एकाच सर्किट बोर्डवर असतात. बोलण्याचे बटण (पीटीटी) दाबल्यावर संच प्रक्षेपण करतो आणि सोडल्यावर ग्रहण करतो.

प्राथमिक तपासणी

अनेक तक्रारींचे मूळ संचाच्या बाहेरच असते. बॅटरीचे मळलेले संपर्कबिंदू, सैल अँटेना किंवा चुकीची वाहिनी ही त्याची नेहमीची कारणे होत. दुसऱ्या संचाची चालू बॅटरी व अँटेना लावून पाहिल्यास संच उघडण्याची गरज आहे की नाही, हे ठरवता येते.

उघडण्याचा क्रम

सर्वप्रथम बॅटरी काढतात. त्यानंतर अँटेना आणि आवाज व वाहिनी यांच्या खुंट्या काढल्या जातात. काही संचांत खुंट्यांखाली गोल नटही असतात. बहुतेक संचांत बॅटरीमागील तळाचे स्क्रू काढल्यावर धातूची चौकट खालच्या बाजूने उचलून बाहेर सरकवता येते. ध्वनिक्षेपकाच्या तारा किंवा चपटी पट्टी पुढील आवरणाला जोडलेली असल्याने चौकट झटक्याने ओढल्यास त्या तुटतात.

सामान्य दोष

खरखरणारा आवाज हा बहुधा आवाज-नियंत्रकातील धुळीमुळे किंवा झिजेमुळे येतो. पीटीटी बटणाखालील स्विच सततच्या वापराने निकामी होतो, तर संच पडल्यास अँटेनाच्या जोडाचे सोल्डर तडकते. खांदा कॉलनी, पनवेल आणि नवी मुंबईच्या खाडीलगतच्या भागांत पावसाळी दमट हवेमुळे संपर्कबिंदूंवर गंज चढण्याची शक्यता अधिक असते. असा गंज आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने काढतात.

जोडणी व चाचणी

आवरणाच्या कडेची रबरी पट्टी फाटली किंवा जागेवरून सरकली, तर संच सुरू होतो, परंतु त्याचे जलरोधन नाहीसे होते. हा दोष प्रत्यक्ष पावसातच उघडकीस येतो. प्रक्षेपक ट्रान्झिस्टरखालील उष्णतावाहक पेस्ट पुसली गेली असल्यास ती पुन्हा लावावी लागते. अँटेना किंवा ५० ओहमचा कृत्रिम भार जोडल्याशिवाय प्रक्षेपण केल्यास हा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

धोकादायक क्षेत्रांतील संच

ज्वलनशील वायू असलेल्या जागी ठिणगी निर्माण होणार नाही अशा रचनेचे, प्रमाणित संच वापरले जातात. पनवेलजवळील तळोजा औद्योगिक वसाहतीत अनेक रासायनिक कारखाने आहेत. अशा ठिकाणचा प्रमाणित संच अनधिकृतपणे उघडल्यास किंवा त्यात वेगळी बॅटरी बसवल्यास त्याच्या सुरक्षिततेची हमी उरत नाही, जरी तो बाहेरून सुस्थितीत दिसत असला तरी. त्यामुळे त्याची दुरुस्ती उत्पादकाने मान्यता दिलेल्या केंद्रातच केली जाते. भारतात धोकादायक क्षेत्रांतील विद्युत उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

कायदेशीर बाजू

भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. हौशी रेडिओचालकांना त्यांच्यासाठी राखीव पट्टे वापरण्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. दुरुस्ती करताना संचाची वारंवारता किंवा शक्ती बदलल्यास तो सवलतीच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, तसेच इतरांच्या दळणवळणात व्यत्यय येऊ शकतो.

हे सुद्धा पहा

हौशी रेडिओ
अँटेना
ट्रान्झिस्टर