मडगार्डची आतली बाजू

चारठाण्याहून बोलतोय. जिंतूर तालुक्यातलं हे गाव यादवकालीन मंदिरांसाठी ओळखलं जातं; आजचा इतिहास मात्र लोखंडाचा.

1963 साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत ट्रॅक्टर कंपनी काढली. तिथूनच बी-275 शेतात आला. आमच्या दादांनी घेतला तो जुनाच. त्याच्या मडगार्डवर बसून मी शेतात जायचो. आता तिथं बसायचा हट्ट माझी मुलगी धरते.

पोळ्याआधी धुताना चाक आणि मडगार्डच्या फटीत हात घातला, तर बोट पत्र्यातून आरपार! वरून रंग चकचकीत, आत चिखल साचून गंज. तिथं हातोडा फिरायला जागाच नाही.

मिस्त्री म्हणाले, "पुट्टी भरून देऊ का? दिसणार नाही."

मी म्हटलं, "चाक उतरवा."

जॅकच्या जोडीला ठोकळे लावले, बॅटरीची तार काढली. गंजका पत्रा कापून नवा जोडला. आतून लोखंड टेकवून बाहेरून हलके ठोके दिले. बोल्ट खोलून सुटा होतो, म्हणूनच हा ट्रॅक्टर गावात टिकला.

मुलीला मात्र सांगितलंय: मडगार्ड पक्का झाला, तरी ती बसायची जागा नव्हे.