हरभऱ्याच्या मर रोगप्रतिकारकतेचा आनुवंशिक नकाशा

हरभरा (लॅ. सायसर ॲरिएटिनम, कुल-लेग्युमिनोजी) ह्या कडधान्यावर पडणारा मर रोग फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ह्या कवकाच्या एका विशिष्ट प्रकारामुळे होतो. कवक जमिनीतून मुळांवाटे शिरते व प्रकाष्ठात (पाणी वर वाहून नेणाऱ्या ऊतकात) वाढून जलवहन रोखते. फांद्या लोंबतात, पाने सुकतात. खोड उभे चिरल्यास आतील भाग काळसर तपकिरी दिसतो. हरभरा पेरला नाही, तरी हे कवक जमिनीत सहा वर्षे टिकते. त्यामुळे पिकांच्या नेहमीच्या फेरपालटाने रोग हटत नाही. शिवाय तो बियांतूनही पसरतो. बीजप्रक्रियेने मुख्यतः रोपावस्थेत संरक्षण मिळते. प्रतिकारक वाण हाच भरवशाचा उपाय होय आणि त्यासाठी प्रतिकारकतेचे जीन कोणते व गुणसूत्रावर कोठे आहेत, हे कळणे उपयुक्त ठरते.

भारतातील ह्या रोगाचा उल्लेख ई. जे. बटलर यांनी १९१८ मध्ये केला. प्रतिकारकतेच्या आनुवंशिकतेविषयीचा पहिला अहवाल अय्यर द्वयाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केला; त्यात ती एकाच जीनवर अवलंबून असल्याचे सुचविले होते. हा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. साध्या शेतात रोगाचा प्रादुर्भाव सर्वत्र सारखा नसतो. जे झाड वाचले ते प्रतिकारक होते की त्याच्या मुळाशी कवक पोहोचलेच नव्हते, हे सांगता येत नाही. अशा शेतातील मृत व जिवंत झाडांच्या गणनेवरून मेंडेलीय गुणोत्तरे काढणे धोक्याचे असते.

ही अडचण ‘रोगग्रस्त वाफ्या’ने दूर झाली. पाटणचेरू (हैदराबादजवळ) येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत (इक्रिसॅट) वाय. एल. नेने व एम. पी. हवारे यांनी रोगट झाडांचे अवशेष जमिनीत मिसळून व रोगास बळी पडणारा वाण वारंवार पेरून असे वाफे तयार केले. चाचणीच्या ओळींमध्ये जेजी-६२ हा वाण तुलनेसाठी लावीत. एका देठावर दोन घाटे धरणारा हा वाण मर रोगाने हमखास मरतो. तो मेला नाही, तर वाफाच सदोष समजावयाचा. १९८२ मध्ये ह्याच दोघांनी कवकाचे चार प्रभेद (विशिष्ट वाणांवरील परिणामावरून ओळखले जाणारे प्रकार) वेगळे केले. त्यांचे नमुने अनुक्रमे हैदराबाद, कानपूर, गुरदासपूर व हिस्सार येथील होते. एका ठिकाणचा प्रतिकारक वाण दुसरीकडे का मरतो, ह्याचे एक कारण त्यातून उमगले. पुढे स्पेनमधील संशोधनाने प्रभेदांत आणखी भर पडली.

वाण मरतो की नाही, याबरोबरच तो केव्हा मरतो हेही महत्त्वाचे असल्याचे १९८३ मध्ये स्पष्ट झाले. पहिल्या प्रभेदाने जेजी-६२ लवकर मरतो, सी-१०४ उशिरा मरतो, तर डब्ल्यूआर-३१५ तग धरतो. सी-१०४ व डब्ल्यूआर-३१५ यांच्या संकरात एकच अप्रभावी जीन दिसतो, कारण प्रतिकारकतेचा दुसरा जीन सी-१०४ मध्ये आधीच असतो. जेजी-६२ मध्ये हे दोन्ही नसतात. जनक बदलला की गुणोत्तर बदलते, एवढाच पूर्वीच्या मतभेदांतील बऱ्याच भागाचा अर्थ होता. नंतर तिसराही जीन आढळला. तिहींपैकी कोणतेही दोन एकत्र आल्यास पूर्ण प्रतिकारकता येते.

नकाशा तयार करण्यासाठी जीनच्या जवळच्या, सहज ओळखता येणाऱ्या खुणा (चिन्हके) लागतात. लागवडीतील हरभऱ्यात आनुवंशिक विविधता फार थोडी असल्याने अशा खुणा दुर्मिळ होत्या. म्हणून आग्नेय तुर्कस्तानातील सायसर रेटिक्युलेटम ह्या वन्य जातीशी संकर करण्यात आले. १९९७ मध्ये अमेरिकेतील एफ. जे. म्यूलबाउअर यांच्या गटाने पहिल्या प्रभेदाच्या प्रतिकारक जीनजवळच्या डीएनए-खुणा शोधल्या. तथापि त्यांत सु. ७ टक्के पुनःसंयोजन होत असल्याने त्या निवडीस तितक्या विश्वसनीय नव्हत्या. २००० मध्ये पी. विंटर व सहकाऱ्यांनी वन्य संकरावरून ३५४ खुणांचा नकाशा प्रसिद्ध केला.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ह्या कार्यात सुरुवातीपासून सहभागी होती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील संशोधकाच्या सहकार्याने तेथे जेजी-६२ व विजय ह्या वाणांच्या संकरापासून नवव्या पिढीपर्यंत स्वपरागणाने वाढविलेल्या वंशावळी वापरण्यात आल्या. ह्या जवळजवळ शुद्ध असल्याने एकीच वंशावळ निरनिराळ्या प्रभेदांवर पुनःपुन्हा तपासता येते. साध्या दुसऱ्या पिढीतील एकेकट्या झाडाबाबत हे शक्य नसते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात पहिल्या तीन प्रभेदांविरुद्धचे जीन निश्चित करण्यात आले. तिसऱ्याचा जीन दोन खुणांच्या मध्ये, एकीपासून ०·२ व दुसरीपासून ०·७ सेंटिमॉर्गनवर आहे.

पहिल्या ते पाचव्या प्रभेदांविरुद्धचे जीन दुसऱ्या सहलग्नता-गटात जवळजवळ आढळतात. ‘शून्य’ प्रभेदाविरुद्धचा एक जीन मात्र अन्य गटात आहे. हा पुंजका संकरकास सोयीचा वाटतो, कारण लगतचे जीन बहुधा एकत्र वारसा मिळवितात. परंतु त्यांच्याबरोबर नको असलेले गुणही येण्याचा संभव असतो. २०१३ मध्ये हरभऱ्याच्या संपूर्ण जीनसंचाचा क्रम (सु. २८,००० जीन) प्रसिद्ध झाल्यावर ह्या पट्ट्यातील जीन प्रत्यक्ष पाहता येऊ लागले.

रायचूर येथील कृषी विद्यापीठ व इक्रिसॅट यांनी अण्णिगेरी-१ ह्या कर्नाटकातील लोकप्रिय वाणात डब्ल्यूआर-३१५ मधील चौथ्या प्रभेदाविरुद्धचा जीन खुणांच्या साहाय्याने आणला व २०१९ मध्ये ‘सुपर अण्णिगेरी-१’ प्रसारित झाला. प्रत्येक पिढीत रोपाच्या पानातील डीएनए तपासूनच पुढच्या संकरासाठी झाडे निवडली जात, तरी तयार वंशावळींची परीक्षा रोगग्रस्त वाफ्यातही घ्यावी लागली.